मुक्तांगण विज्ञान शोधिका, पुणे

मुक्तांगण विज्ञान शोधिका : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातील ‘आयुका’ (आंतरविद्यापीठ खगोलशास्त्र व खगोलभौतिकी केंद्र) या संशोधनसंस्थेचे मुलांसाठीचे केंद्र. टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी घडवणारी कार्यशाळा म्हणून ते देशभर ओळखले जाते. पुण्यात खेळण्यांचा व्यापार जुना आहे. तुळशीबागेतली भातुकली सर्वांना ठाऊक आहे. पण नवनवी खेळणी सुचवायची, ती मुलांच्या हाती देऊन पारखायची आणि त्यांची कृती जगासमोर ठेवायची, हे काम या शहरात सर्वांत नेटाने झाले ते येथेच.

पूर्वपीठिका : या खेळण्यांचा उगम पुण्याबाहेर, मध्य प्रदेशात आहे. केंद्राचे काम ज्यांच्या नावाने ओळखले जाते ते अरविंद गुप्ता (जन्म 1953, बरेली) कानपूरच्या आयआयटीतून 1975 मध्ये अभियंता होऊन पुण्यात टेल्को या वाहन-कंपनीत नोकरीला लागले. 1978 मध्ये वर्षभराची रजा काढून ते होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले. 1972 पासून तेथे खेड्यांतल्या शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम चालू होता. महागडी उपकरणे परवडणारी नव्हती, तेव्हा आठवडी बाजारात मिळेल त्यावर भागवायचे. तेथेच सायकलची वालट्यूब आणि आगकाडी यांची जोडी जमली.

वालट्यूबचा बोटाच्या पेराएवढा तुकडा घ्यायचा, दोन्ही टोकांनी गूल खरवडलेली एकेक काडी आत सारायची; झाला वळणारा सांधा. असे तीन सांधे जोडले की त्रिकोण होतो आणि कितीही दाबला तरी आकार सोडत नाही. चौकोन मात्र बोट लावताच कलंडतो. त्याला कर्णाची एक काडी दिली की तोही ताठ उभा राहतो. पुलाच्या आणि छपराच्या कैच्यांत त्रिकोणच का असतात, याचे उत्तर मुलाला फळ्याशिवाय मिळते. या काडीकामावरचे गुप्तांचे पहिले पुस्तक ‘मॅचस्टिक मॉडेल्स’ 1987 मध्ये भोपाळच्या ‘एकलव्य’ या शिक्षणसंस्थेने काढले. पुढे दूरदर्शनवरही ही खेळणी दिसली.

स्थापना व इमारत : आयुकाची स्थापना 1988 ची. संस्थापक-संचालक जयंत नारळीकर यांनी आरंभापासून शाळकरी मुलांना संस्थेची दारे उघडी ठेवली. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची मुलांसाठीची व्याख्याने ही त्यांचीच प्रथा. शोधिकेची इमारत पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या देणगीतून उभी राहिली. तिचे नाव ‘पुलस्त्य’, म्हणजे सप्तर्षींतला एक तारा, त्यात पु. लं.ची आद्याक्षरे दडली आहेत हे पुणेकरांना सांगावे लागत नाही. गुप्ता 2003 मध्ये येथे आले आणि 2014 पर्यंत राहिले. विदुला म्हैसकर आणि अशोक रुपनेर हे त्यांचे येथील सहकारी.

कार्यपद्धती : खेळणी शोधण्याचाच धंदा करणाऱ्या कंपन्या पाश्चात्त्य जगात होत्या व आहेत. शिकागोची ‘मार्विन ग्लास अँड असोसिएट्स’ (1941–88) ही त्यांतली नामांकित. ‘माऊस ट्रॅप’, ‘ऑपरेशन’, ‘सायमन’ हे खेळ तिच्याशी जोडलेले आहेत. कल्पना उत्पादकाला द्यायची आणि विक्रीवर रॉयल्टी घ्यायची, हा तिचा रिवाज. त्यामुळे तेथील काम कडेकोट गुप्ततेत चाले. पुण्यातला मामला याच्या नेमका उलट. कृती पक्की झाली की तिची छायाचित्रे आणि लहानशी चित्रफीत बनवून ती मराठीसह अनेक भाषांत फुकट वाटली जाई. नफ्यातोट्याचा हिशेब नसल्याने फसलेली खेळणीही बिनघोर मोडता येत.

सर्वांत गाजलेले खेळणे म्हणजे साधी विजेची मोटार. एका सेलच्या दोन टोकांना सायकलच्या ट्यूबच्या रबराने दोन सेफ्टी पिना अडकवायच्या, सेलवर चुंबक चिकटवायचा आणि वार्निश चढवलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे पिनांच्या नेढ्यांत टांगायचे. खरी मेख तारेच्या टोकात आहे. एका टोकाचे वार्निश तीनच बाजूंनी खरवडायचे. चौथी बाजू आली की प्रवाह तुटतो, वेटोळे आपल्या वेगाने पुढे सरकते आणि पुन्हा प्रवाह मिळतो. सगळे वार्निश काढले तर मोटार बहुधा थरथरून थांबते. पाठ्यपुस्तकातला दिक्परिवर्तक इतक्या स्वस्तात दुसरीकडे समजत नाही.

मूल्यमापन : यातले प्रत्येक खेळणे पुण्यात जन्मले असे मानणे चूक ठरेल. मुलांकडून येथे करून घेतला जाणारा कागदी फ्लेक्सॅगॉन (दुमडून उलगडला की नवी बाजू दाखवणारी घडी) 1939 मध्ये प्रिन्स्टनच्या आर्थर स्टोन या विद्यार्थ्याच्या हातून घडला होता. जगभरच्या कल्पना वेचून त्या आपल्याकडच्या भंगारात बसवणे ही शोधिकेची खरी कर्तबगारी, आणि ती कमी लेखण्यासारखी नाही. एक अडचण मात्र काळाने आणली. कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी, जिच्यापासून सुरेख पंप होई, आता मिळत नाही. नव्या वॉल्व्हना वालट्यूब लागत नाही. जुन्या कृती नव्या कचऱ्यावर बेतण्याचे काम सतत करत राहावे लागते.

गुप्ता यांना 2018 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्यासोबत पुण्यात काम केलेले मनीष जैन यांनी पुढे गांधीनगरच्या आयआयटीत अशाच धर्तीचे केंद्र चालवले. पुण्यात तयार झालेल्या चित्रफिती आणि पुस्तके गुप्ता यांच्या संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत.