अडीचशे की पाचशे? गिटारमधल्या पॉटचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारवरचे बटण फिरवले की आतला पोटेन्शिओमीटर फिरतो. कारागीर त्याला नुसते पॉट म्हणतात. कार्बनचा थर दिलेली नालेच्या आकाराची पट्टी, तिच्यावरून घासत जाणारी पत्र्याची जीभ आणि बाहेर काढलेले तीन पाय, एवढाच त्याचा संसार. पण बटण पूर्ण उघडे ठेवले तरी पॉट स्वस्थ बसत नाही. तारांचे कंपन टिपणाऱ्या पिकअपच्या दोन टोकांना तो जोडलेला असल्याने थोडा संकेत त्याच्यातून अर्थकडे झिरपतच राहतो. पिकअपची गुंडाळी आणि केबलची धारिता यांच्या मेळातून काही हजार हर्ट्‌झच्या पट्ट्यात अनुनादाचा एक उंचवटा तयार होतो. गिटारची धार तिथेच असते. पॉटचा रोध कमी असेल तर हा उंचवटा बसतो आणि आवाज मऊ होतो. रोध जास्त असेल तर तो टोकदार राहून आवाज झणझणीत लागतो. टोनचा पॉटही कपॅसिटरमार्फत याच ओझ्यात भर घालतो. त्यामुळे अडीचशे किलोओहमचे दोन पॉट मिळून वरच्या पट्टीत सव्वाशेसारखे वागतात.

हे आकडे गिटारसाठी मुद्दाम शोधलेले नव्हते. अडीचशे किलोओहम, पाचशे किलोओहम, एक मेगओहम हे त्या काळच्या व्हॉल्व्ह रेडिओंतले सर्रास आढळणारे आकडे. लिओ फेंडर यांचे कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावी १९३८ पासून रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. स्टॅकपोल, सेंट्रलॅब, सीटीएस या पॉट बनवणाऱ्या कंपन्याही रेडिओच्याच धंद्यातल्या. फेंडरच्या टेलिकास्टरमध्ये आणि १९५४ च्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये अडीचशेचे पॉट आले. एकेरी गुंडाळीच्या त्या तल्लख पिकअपची तीक्ष्णता त्यांनी थोडी आवरली.

कालामाझूच्या गिब्सन कंपनीने पाचशेची वाट धरली. तिथल्या सेथ लव्हर यांचा हंबकर पिकअप १९५७ मध्ये लेस पॉल गिटारवर बसला. दोन गुंडाळ्यांमुळे त्याचा आवाज दाट आणि काहीसा गडद. पाचशेच्या पॉटने त्याची वरची पट्टी जपली. यावरून आज सरसकट शिकवले जाते की एकेरीला अडीचशे, हंबकरला पाचशे. सोय म्हणून हे ठीक आहे, इतिहास म्हणून अपुरे. १९५२ च्या पहिल्या लेस पॉलवर पी-९० हे एकेरी पिकअप होते आणि पॉट तेव्हाही पाचशेचेच होते. आधी आकडा रुळला, नियम मागाहून आला.

फेंडरनेही आपला आकडा पाळला नाही. १९५८ च्या जॅझमास्टरला एक मेगचे पॉट मिळाले, म्हणून तिचा आवाज लख्ख. त्याच गिटारच्या ऱ्हिदम सर्किटमध्ये मात्र टोनला पन्नास किलोओहमचा पॉट, म्हणजे एका खटक्यासरशी उजेडातून सावलीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस टेलिकास्टरवरही एक मेग आले. गिब्सनने १९७० च्या दशकात बऱ्याच गिटारींत व्हॉल्यूमला तीनशे आणि टोनला शंभर वापरले. हा बदल चुकलाच. त्या गिटारी बोथट वाजत, आणि अनेकांनी ते पॉट काढून पुन्हा पाचशेचे बसवले. ॲक्टिव्ह पिकअप आले तेव्हा गणितच बदलले. त्यांच्या पोटातच छोटा ॲम्प्लिफायर असल्याने त्यांना पंचवीस किलोओहम पुरतात.

जुन्या पॉटच्या पाठीवरचा शिक्का आज गिटारचे वय सांगायला उपयोगी पडतो. ३०४४३४ असे दिसले तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल, ४ म्हणजे १९५४ आणि ३४ म्हणजे वर्षातला चौतिसावा आठवडा. गिटार त्याआधीची असू शकत नाही, अर्थात पॉट मूळचाच असेल तर.

कार्बनच्या पॉटमध्ये वीस टक्क्यांचा फरक चालवून घेतला जातो. अडीचशे लिहिलेला पॉट प्रत्यक्षात दोनशेचा किंवा तीनशेचा निघू शकतो आणि एवढा फरक कानाला कळतो. म्हणून नवा पॉट झाळण्यापूर्वी त्याच्या बाहेरच्या दोन पायांना मल्टिमीटर लावून खरा आकडा पाहून घ्यावा.