गंगारामचा गेंडा

परवा रात्री दीड वाजता येल विद्यापीठाच्या आर्ट सेंटरच्या साइटवर भटकत होतो. (रिलीज झालं की झोप उडते, काय करणार!) तिथे एक गेंडा भेटला. चक्क पुण्याचा! पेशव्यांच्या शिकारखान्यातला, साल १७९०. चित्रकार गंगाराम तांबट.

शनिवारवाड्यावर शंभरदा गेलो असेन, पण हे नाव कधी कानावर आलं नव्हतं. मग काय, शोधाशोध सुरू.

तेव्हा पुण्यात इंग्रजांचा रेसिडेंट होता चार्ल्स मॅलेट. कॅमेरा यायला अजून चाळीसेक वर्षं होती, त्यामुळे लेणी, इमारती, प्राणी यांची नोंद ठेवायची तर हाताने काढूनच. त्यासाठी मॅलेटने गंगारामला कामाला लावलं, वेरूळलाही पाठवलं. आता विचार करा, आपल्याकडच्या चित्रात छाया-प्रकाश आणि लांबचं लहान दाखवणारा पर्स्पेक्टिव्ह यांना फारसं स्थान नव्हतं. साहेबाला नेमकं तेच हवं. म्हणजे हात तयार झालेल्या माणसाने बघायलाच नव्याने शिकायचं! नवी लँग्वेज शिकताना जुन्या सवयी कशा आड येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

१७९१ मध्ये जेम्स वेल्स नावाचा स्कॉटिश चित्रकार मुंबईत आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात. सवाई माधवरावांच्या परवानगीने खुद्द शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. गंगाराम तिथला सगळ्यात नावाजलेला विद्यार्थी. पण १७९५ मध्ये वेल्स वारला, त्याच वर्षी सवाई माधवरावही गेले, आणि चित्रशाळा आटोपली.

१८०३ मध्ये लंडनला थॉमस डॅनिएलने वेरूळची २४ चित्रं छापली. शीर्षकात वेल्सचं नाव आहे, डॅनिएलचंही आहे. वेल्सच्या आधी त्याच लेण्यांत बसून रेखाटनं करणाऱ्या गंगारामचं नाही.

माझा महिनाभर खपून लिहिलेला मोड्यूल एकदा डेमोत दुसऱ्याच्याच नावावर गेला होता, तेव्हा आठवडाभर धुमसत होतो. गंगारामला काय वाटलं असेल? त्याला हे कधी कळलं तरी असेल का?

रविवारी पुन्हा वाड्यावर गेलो. चित्रशाळेची खूण शोधण्यात अर्थ नव्हताच, १८२८ च्या आगीत आतलं सगळं जळालं. कागद तेवढे साहेबाबरोबर विलायतेला गेले, म्हणून वाचले.

असो. गेंडा मात्र जरूर बघा. आणि चित्राखालचं नावही वाचा.