वाढते वय आणि दृष्टीची स्पष्टता

रायपूर : वयोमानानुसार डोळ्यातील नैसर्गिक भिंग ताठर होते, त्यामुळे साधारण चाळिशीनंतर जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो. भिंग पिवळसर होत जाते आणि बाहुली आकुंचित राहते. परिणामी साठीतील व्यक्तीच्या दृष्टिपटलावर विशीतील व्यक्तीच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. शिवाय भिंगात प्रकाश अधिक विखुरला जात असल्याने रात्री समोरच्या वाहनाच्या दिव्यांनी डोळे दिपतात. हे विखुरणे चष्म्याने थांबत नाही. भिंग गढूळ झाल्यास मोतीबिंदू होतो; शस्त्रक्रियेद्वारे कृत्रिम भिंग बसवणे हाच त्यावरील उपाय. रायपूरमध्ये डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालय व 'एम्स' येथे ही शस्त्रक्रिया होते. चष्मा बदलूनही अंधुक दिसत असल्यास नेत्रतपासणी लांबवू नये.