पकडीचा हिशेब

1982 साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, हे या भागातल्या कोणास सांगावयास नको. त्याच साली तिकडे अमेरिकेत एक बारीकशी गोष्ट घडली, तिची इथे कोणी दखल घेण्याचे कारण नव्हते. त्या देशात ज्याला फुटबॉल म्हणतात तो खेळ आपल्या फुटबॉलहून अगदी निराळा. लांबट चेंडू, डोक्यावर शिरस्त्राण, आणि चेंडू पायाने मारण्यापेक्षा हाताने फेकण्याचे व छातीशी धरून पळण्याचे महत्त्व अधिक. या खेळाच्या व्यावसायिक संघटनेने 1982 पासून बचाव करणाऱ्या गड्याच्या एका कामाची अधिकृत नोंद ठेवण्यास आरंभ केला. चेंडू हातून सुटण्यापूर्वीच फेकणाऱ्यास त्याच्या रेषेच्या मागे लोळवावयाचे, हे ते काम. त्यास तिकडे 'सॅक' म्हणतात.

हा शब्द लोकांच्या तोंडी बसविणारा गडी म्हणजे डीकन जोन्स. तो 1961 ते 1974 खेळला आणि चौदा वर्षे त्याने मुख्यतः हेच केले. तरी अधिकृत वहीत त्याच्या नावावर एकही सॅक नाही, कारण तो खेळत होता तेव्हा ती वहीच नव्हती! पुढे काही चिकाटीच्या अभ्यासकांनी जुन्या सामन्यांची कागदपत्रे व चित्रफिती धुंडाळून मागचा हिशेब जुळविला. तो 2021 साली प्रसिद्ध झाला. त्यात जोन्सच्या नावावर 173½ सॅक निघाले व सर्वकाळच्या यादीत तो तिसरा आला. जोन्स 2013 सालीच वारला होता.

हा दूरदेशीचा वृत्तांत आम्ही आरंभीच सांगितला, त्याचे कारण आम्हांस बोलावयाचे आहे ते आपल्या कबड्डीतल्या बचावपटूविषयी. चढाई करणाऱ्याचे नाव गावोगाव होते. पकड करणाऱ्याचे फार तर आळीत होते. चढाईपटू एकटा जातो, साऱ्या मैदानाचे डोळे त्याच्यावर असतात. उलट बचावाचे काम सात जणांचे. कोपऱ्यातला गडी आणि त्याच्या शेजारचा हातात हात गुंफून साखळी करतात. चढाईपटू निदानरेषा ओलांडून बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा कोपरारक्षक त्या घोट्यावर झेप घेतो. झेप क्षणभर लवकर पडली तर हात रिकामा राहतो आणि स्पर्श झाल्यामुळे आपणच बाद; उशिरा पडली तर पाय निसटलेला. आणि पाय हाती लागला तरी काम संपत नाही. मध्यरेषा जेमतेम पावणेपाच मीटरांवर, आणि धरलेला माणूस कोपऱ्याला फरफटत नेऊन तिला नुसते बोट टेकवील तरी पुरते. म्हणून मध्यरक्षकाने आडवे येऊन त्यास कंबरेत धरावे लागते. घोटा दिसतो, कंबर दिसते. मध्यरक्षकाने योग्य जागी उभे राहून पळण्याची वाटच बंद केली, हे मात्र कोणास दिसत नाही.

आमच्या लहानपणी भोसरीकडच्या एका स्पर्धेत गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसण्याचा मान आम्हांस मिळाला होता. (मान कसला, पाण्याचा तांब्या भरून आणण्याचे काम होते.) कागदावर गुण चढत, बाद झालेल्याच्या क्रमांकावर काट बसे, लोणाची खूण होई. अंतिम सामना ज्या मध्यरक्षकाने अक्षरशः अडवून धरला, त्याच्या किती पकडी झाल्या म्हणून आम्ही सामन्यानंतर विचारले. गुणलेखक म्हणाले, "बाळ, जिंकले ना? मग झाले." दुसऱ्या दिवशी त्या कागदात कोणीतरी भेळ खात होते. अमेरिकेतल्या अभ्यासकांस निदान चित्रफिती होत्या. आमच्याकडे मागचा हिशेब जुळवावयाचा म्हटले तरी तो कशातून जुळवावा?

पण नुसते विस्मरणाचे रडगाणे गाणे हेही खरे नव्हे. त्या काळी बचावपटूस दुसऱ्या एका वहीत जागा होती, ती म्हणजे हजेरीपटात. महाराष्ट्रात कबड्डीच्या स्पर्धांतून 'व्यावसायिक गट' असे, आणि त्याचा अर्थ खेळून पैसे मिळविणारे असा नव्हता. अमुक कंपनीचे, बँकेचे किंवा रेल्वेचे नोकर, इतकाच होता. महिंद्र, एअर इंडिया, भारत पेट्रोलियम, मध्य रेल्वे ही नावे आम्ही कारखान्यांची म्हणून शिकण्यापूर्वी संघांची म्हणून शिकलो. 1954 साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, त्यामागून मोटारींचे व स्कूटरींचे कारखाने आले, पुढे ही रांग चाकणपर्यंत गेली. या पट्ट्यातल्या तरण्या पोरास 'खेळातून नोकरी' ही काही कल्पनेतली गोष्ट राहिली नाही. तिथे चढाई आणि पकड यांत भेद नव्हता. कोपरारक्षकास जो पगार तोच चढाईपटूस, आणि गुडघा गेला तरी भविष्यनिर्वाह निधी जात नसे. आज उपहासाने बोलणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी असे आम्हांस वाटते. मात्र कारखान्याची मर्जी फिरली की संघ मोडे, हेही आम्ही पाहिले आहे. त्या पोरांची नोकरी राही, पण सायंकाळी मैदानावर जाण्यासाठी मिळणारी दोन तासांची सूट संपे.

2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली आणि वही बदलली. प्रत्येक पकडीचा गुण आता नावानिशी मांडला जाऊ लागला. तीन वा कमी गडी उरले असता केलेल्या अव्वल पकडीस एक गुण जास्त. आपल्याकडचा एक गडी या नव्या वहीत पहिल्या वर्षापासून आहे, तो कल्याणचा डावा कोपरारक्षक गिरीश इरनाक. आरंभी पाटणा, मग बंगाल, 2017 पासून 2019 पर्यंत पुणेरी पलटण, नंतर गुजरात व पुन्हा बंगाल असा त्याचा प्रवास झाला. जुन्या गड्याचे आयुष्य एका कंपनीच्या पाटीखाली जाई. याला दर लिलावागणिक नवे गाव, नवा शेजारी आणि नवी साखळी. कोपरा व मध्यरक्षक यांची जोडी जमावयास एखादा हंगाम लागतो, आणि ती जमते न जमते तोच लिलाव येतो.

2018 चा आरंभ त्याच्या व महाराष्ट्राच्या दृष्टीने सुखाचा होता. हैदराबादेत महाराष्ट्राने सेनादलास हरवून अकरा वर्षांनी राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याच वर्षी आशियाई स्पर्धेसाठी जकार्तास गेलेल्या भारतीय संघात इरनाक होता. 1990 साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आल्यापासून 2014 पर्यंतची सातही सुवर्णपदके भारताची. जकार्तात उपांत्य सामन्यात इराणने 27-18 असे हरविले व कांस्यावर समाधान मानावे लागले. इराणचा तो विजय मुख्यतः बचावाचा विजय होता, असे आमचे मत आहे. भारताच्या नामांकित चढाईपटूंची नावे भिंतीवर लावावी अशी होती, आणि साऱ्या संघास मिळून अठराच गुण निघाले.

बाजारास हे आधीच कळले होते म्हणावयाचे. त्याच वर्षीच्या लिलावात प्रो कबड्डीत एक कोटीची बोली प्रथम लागली ती चढाईपटूवर नव्हे, इराणच्या फझल अत्राचली या डाव्या कोपरारक्षकावर. 2014 साली सर्वांत मोठी बोली 12 लाख 80 हजारांची होती. पुढे 2023 मध्ये पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलुई या इराणी बचावपटूस 2 कोटी 35 लाख दिले, त्याने त्या हंगामात पकडीचे 99 गुण केले, आणि 1 मार्च 2024 रोजी हरियाणास 28-25 हरवून पुण्याने पहिले विजेतेपद घेतले. पकडीस भाव आला हे चांगलेच झाले. तरी नव्या वहीतही एक खोट आहेच: पकडीचा गुण एकाच्या नावावर जातो.

2019 साली बालेवाडीत पुण्याचा सामना होता. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेले ते क्रीडानगर वाकडहून मुळा ओलांडली की आलेच; कामावरून सुटलेली मंडळी दुचाकीवरून थेट आली होती. आमच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ बसले होते. बोलता बोलता कळले की ते एका कारखान्याच्या संघाचे जुने मध्यरक्षक, आता निवृत्त. एक पकड झाली, कोपरारक्षकाने घोटा असा धरला की सारे सभागृह उठले. फलकावर त्याचे नाव झळकले. आम्ही टाळ्या वाजवीत होतो. ते मात्र बसूनच होते.

"अहो, पकड उत्तम झाली की!" आम्ही म्हणालो.

"झाली ना. पण त्याच्या शेजारच्याने उजवा पाय अर्धा हात पुढे टाकला होता, ते पाहिलेत का तुम्ही?"

आम्ही पाहिले नव्हते, तसे सांगितले. त्यांनी खुर्चीच्या दोन हातांवर आपले दोन तळवे मांडले, एक कोपऱ्याचा, एक मध्यरक्षकाचा, आणि चढाईपटू कोठून आला असता, का आला नाही, हे सावकाश दाखविले. तोवर पुढची चढाई सुरू झाली होती.