‘चिडखोर’ शब्दाची कुळकथा

ज्याला लहानसहान गोष्टीचा चटकन् राग येतो, अशा मनुष्यास आपण चिडखोर म्हणतों. शब्द घरोघरचा आहे, म्हणूनच तो कोठून आला हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या नंदुरबारच्या बाजारांत मात्र मराठी, अहिराणी, गुजराती आणि भिली एकाच वेळीं कानीं पडतात. अशा गांवीं जन्म काढलेल्या मास्तराला शब्दांचीं कुळें शोधण्याचा छंद सहजच जडतो.

ह्या शब्दाचे दोन तुकडे पाडून पाहूं. पहिला ‘चीड’ हा आपल्या घरचा. हिंदींत त्याचा सख्खा भाऊ ‘चिढ’ आहेच. दुसरा ‘खोर’ हा फारशी. त्या भाषेंत ‘खुर्दन्’ म्हणजे खाणें आणि ‘खोर’ म्हणजे खाणारा. हरामखोर म्हणजे हरामाचें खाणारा. पुढें खाण्याचा अर्थ झिजला, ‘अमुक गोष्टीची खोड असलेला’ एवढाच उरला, आणि मराठीनें तो प्रत्यय आपल्या शब्दांना बेधडक जोडला. भांडखोर असाच बनला. लाचखोरांत तेवढें खाणें अजून शिल्लक आहे, पण त्याचा दोष व्याकरणाकडे नाहीं!

हा प्रत्यय आमच्या भागांत परका राहण्याचें कारणच नव्हतें. खानदेशावर चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून फारूकी घराण्याची सत्ता होती. १६०१ मध्यें असीरगड अकबराच्या हातीं पडला आणि ती संपली. नंदुरबार हें सुरत-बऱ्हाणपूर ह्या मोठ्या व्यापारी वाटेवरचें ठाणें. ‘आईन-इ-अकबरी’ ह्या ग्रंथांत तें माळवा सुभ्यांतील एक सरकार म्हणून आलें आहे. हिशेब, फर्मान, जकात, सारें फारशींत. शिवछत्रपतींच्या काळीं ‘राज्यव्यवहारकोश’ रचून दरबारी फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले गेले. परंतु कचेरींतला शब्द बदलतां येतो. आई मुलाला रागानें जें बोलते त्यांतला प्रत्यय कोण बदलणार? १९२५ मध्यें माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन्, ह्यांनीं ‘फार्सी-मराठी कोश’ प्रसिद्ध केला. तो चाळला म्हणजे आपण आपले म्हणून वापरतों ते किती शब्द पाहुणे आहेत, हें ध्यानीं येतें.

रागाच्या शब्दांची एकंदर जातच फिरती. ‘राग’ ह्याचा संस्कृतांत मूळ अर्थ रंग, मग आसक्ति, प्रेम. ‘अनुरागां’त तो टिकला आहे. मराठींत त्याच शब्दानें डोळे वटारले. ‘गुस्सा’ मूळ अरबींत घशांत अडकलेला आवंढा, फारशींत दुःख, आपल्याकडे येतां येतां तो क्रोध झाला. ‘तामसी’ची गंमत तर त्याहून मोठी. गीतेच्या तिसऱ्या अध्यायांत क्रोध रजोगुणापासून उपजतो असें सांगितलें आहे. तमोगुणाकडे आळस आणि मोह. तरी आपण संतापी मनुष्याला तामसी म्हणतों, आणि तसें म्हणणाऱ्यांत गीता पाठ असणारेही असतात.

येथपर्यंत झाली व्युत्पत्ति. वापर पाहूं गेल्यास जरा अवघड जागा लागते. साहेब चिडला तर तो ‘कडक’, वडील चिडले तर ‘तापट’. सून चिडली तर ‘तुसडी’, आणि पोर चिडलें तर ‘चिडखोर’. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं ३१ डिसेंबर १९२६ रोजीं धुळ्यास देह ठेवला. आमचा नंदुरबार जिल्हा १९९८ मध्यें वेगळा झाला. तोंपर्यंत धुळें हेंच आमचें जिल्ह्याचें गांव. राजवाड्यांच्या रागाच्या कथा इकडे पुष्कळ सांगतात. त्यांना तापट म्हणतात, विक्षिप्त म्हणतात. चिडखोर म्हटलेलें मीं ऐकलें नाहीं. ‘तापट’ शब्द स्वभाव सांगतो. ‘खोर’ लागला कीं ती खोड ठरते, आणि खोड मोडण्याचा अधिकार दुसऱ्याकडे जातो.

हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं. मास्तरकीच्या आरंभीच्या वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याच्या एका पाड्यावरचा मुलगा माझ्या वर्गांत होता. दिवसांतून दोनदां तरी कोणावर धांवून जाई. मीं त्याच्या प्रगतिपुस्तकांत लिहिलें, “स्वभाव चिडखोर.” त्याचे वडील निरक्षर, पुस्तक घेऊन आले आणि काय लिहिलें आहे तें त्यांनीं विचारलें. म्हटलें, “मुलाला राग फार लवकर येतो.” ते म्हणाले, “कशाचा, गुरुजी?”

मला सांगतां येईना. दुसऱ्या दिवशीं मुलांनाच विचारलें. हा घरीं भिली बोलणारा. त्याच्या तोंडून घरचा शब्द निघाला कीं बाकीचे त्याचीच नक्कल करून हंसत. मी फळ्याकडे तोंड करून उभा असें, तेव्हां हें चाले. हंसणें मीं बंद केलें, आणि त्याचें धांवून जाणेंही हळूहळू थांबलें. पण शेरा शाईचा होता. पुढच्या इयत्तेच्या मास्तरांनीं तो तसाच उतरून घेतला.