डॉना केनेडीच्या 115 कॅप

स्कॉटलंडच्या रग्बीत सगळ्यात जास्त कॅप कोणाच्या, असं एडिंबरातल्या एखाद्या रग्बीवेड्याला विचारलं की तो बहुधा रॉस फोर्डचं नाव घेतो. आकडाही तोंडपाठ असतो, 110. मी हे मुद्दाम विचारते, कारण पुढचं वाक्य बोलायला मला मजा येते. डॉना केनेडी, 115. समोरचा क्षणभर हिशेब करतो आणि म्हणतो, हो, पण ते बायकांचं. कॅप म्हणजे देशाकडून खेळलेला सामना. देशाचं नाव दोन्हीकडे एकच आहे, तरी हा ‘पण’ येतोच.

मी सांगलीची. शाळा-कॉलेजात खो-खो खेळले. आमच्याकडे मुलगी जरा बरी खेळते म्हटलं की दुसऱ्याच वाक्यात विचारणा व्हायची, ‘मग नोकरीचं काय? रेल्वेत लागेल का?’ रेल्वे, पोलीस, बँक यांच्या संघांवरच आमच्या पिढीचा खेळ उभा होता. त्यामुळे इथे एडिंबरात स्थायिक झाल्यावर बायकांचे सामने बघू लागले, तेव्हा स्क्रम (दोन्ही संघांच्या खेळाडू एकमेकींना भिडून रेटतात तो डाव) समजायच्या आधी मला वेगळीच शंका आली होती. या बायका खातात काय? स्कॉटलंडच्या महिला रग्बीचा इतिहास मी त्या शंकेमागून गेले म्हणून मला कळला.

त्याची सुरुवात स्टॉकब्रिज भागातल्या रेबर्न प्लेसच्या मैदानावर होते. जगातला पहिला आंतरराष्ट्रीय रग्बी सामना इथेच झाला, 27 मार्च 1871 रोजी, स्कॉटलंड विरुद्ध इंग्लंड. स्कॉटलंड जिंकलं. त्याच मैदानावर 14 फेब्रुवारी 1993 रोजी स्कॉटलंडच्या बायकांनी आपला पहिला सामना खेळला. मध्ये जवळजवळ 122 वर्षं गेली. समोर आयर्लंड होतं. कर्णधार सँड्रा कोलामार्टिनोने दोन ट्राय केल्या आणि सामना 10-0 असा संपला, म्हणजे स्कॉटलंडचे सगळे गुण तिचेच. त्याआधी देशासाठी खेळायचं तर ग्रेट ब्रिटनच्या जर्सीत खेळावं लागे. 1991 चा पहिला महिला विश्वचषक वेल्समध्ये, शेजारी झाला, तरी त्यात स्कॉटलंडचा संघ नव्हता.

पहिल्या सामन्याच्या पुढच्या वर्षी घडलं ते मात्र सविस्तर सांगायला हवं. 1994 चा विश्वचषक नेदरलँड्समध्ये ठरला होता. आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने मान्यता द्यायला नकार दिला आणि डच मंडळींनी हात वर केले. तेव्हा पहिला सामना खेळून जेमतेम वर्ष झालेल्या स्कॉटलंडच्या खेळाडू म्हणाल्या, आम्ही भरवतो. सू ब्रॉडी नावाच्या खेळाडूने पुढाकार घेतला. हातात होते तीनेक महिने. मैदानं, पंच, परदेशी संघांच्या राहण्याची सोय, प्रायोजक, सगळं त्यांनीच बघायचं आणि संध्याकाळी सरावालाही जायचं. मान्यता नाही म्हणून न्यूझीलंड आलं नाही. स्पेननेही ऐन वेळी माघार घेतली, तेव्हा त्यांच्या जागी स्कॉटलंडच्या विद्यार्थिनींचा संघ उतरवला. रशिया, कझाकस्तान, जपान, स्वीडन आले. 24 एप्रिलला रेबर्न प्लेसवर इंग्लंडने अमेरिकेला 38-23 असं हरवून चषक नेला. यजमान पाचव्या आल्या. विश्वचषकातली स्कॉटलंडची याहून वरची जागा आजही नाही. घरचं लग्न उरकून स्वतः पंगतीला बसावं, तशा त्या खेळल्या असणार.

या सगळ्यात कोणालाच पगार नव्हता, आणि हे नीट लक्षात घ्यावं लागतं, कारण तेव्हा पुरुषांनाही नव्हता. रग्बी युनियन हा अधिकृतपणे हौशी खेळ होता आणि त्या हौशीपणाचा त्याला फार अभिमान होता. (गंमत अशी की स्कॉटलंड-इंग्लंड पुरुषांच्या सामन्याचा जुना करंडक, कलकत्ता कप, अक्षरशः रोकड वितळवून केलेला आहे. 1878 मध्ये कलकत्त्याचा एक क्लब बंद पडला, तेव्हा खात्यावर उरलेले चांदीचे रुपये काढून तो घडवला. त्याला नागाच्या कड्या आहेत आणि झाकणावर हत्ती.) ऑगस्ट 1995 मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाने हौशीपणाचं बंधन उठवलं. खेळाडूला पैसे देणं आता गुन्हा नव्हता. कागदावर हा नियम बाईलाही लागू होता. पुरुषांचे करार लगेच होऊ लागले. स्कॉटलंडच्या बाईला पहिला पूर्णवेळ करार मिळाला 2016 साली.

केनेडीची कारकीर्द जवळपास सगळी या एकवीस वर्षांच्या पोटात बसते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, संघ नवा असताना ती आली आणि 2010 पर्यंत खेळली. ती नंबर आठ, स्क्रमच्या शेवटच्या टोकाला. दोन्ही बाजूंच्या धडका अंगावर घेणारी जागा आहे ही. एकेकाळी जगातल्या कुठल्याही बाईपेक्षा तिच्या कॅप जास्त होत्या. पुढे इंग्लंडच्या रॉकी क्लार्कने तो विक्रम मोडला. पुरुषांत स्कॉटलंडकडून पहिली शंभरी गाठली ख्रिस पॅटरसनने, 2010 मध्ये. तो व्यावसायिक खेळाडू होता. हे त्याला कमी लेखायला म्हणत नाही. दुखापतीनंतर विश्रांती मिळणं आणि दुखापतीनंतर सोमवारी कामावर जाणं यांत शंभरीची किंमत वेगळी पडते, एवढंच.

आणि हा काही हरणारा संघ नव्हता. 1998 मध्ये कर्णधार किम लिटलजॉनच्या संघाने ग्रँड स्लॅम जिंकला, म्हणजे स्पर्धेतले सगळे सामने, इंग्लंडला 8-5 असं हरवून. 2001 मध्ये युरोपचं विजेतेपदही मिळवलं. माझ्या मते घसरण सुरू झाली ती इतर देशांनी पैसा ओतायला सुरुवात केल्यावर. इंग्लंड, फ्रान्स पुढे गेले. 2010 नंतर सिक्स नेशन्स या सहा देशांच्या वार्षिक स्पर्धेत स्कॉटलंडला सात वर्षं एकही विजय मिळाला नाही.

2016 चा तो करार जेड कॉन्कलचा. तीही नंबर आठ, उत्तरेकडची, इन्व्हरनेसजवळच्या ब्लॅक आयलची. 24 फेब्रुवारी 2017 ला कंबरनॉल्डच्या ब्रॉडवुड मैदानावर वेल्सविरुद्ध सेरा लॉने अखेरच्या क्षणी पेनल्टी मारली आणि 15-14 असा सात वर्षांचा दुष्काळ संपला. एका करारामुळे सामना जिंकला असं मी म्हणणार नाही. पण दिवसा सराव करणारी एक तरी बाई आता संघात होती.

डिसेंबर 2022 मध्ये 28 जणींना पूर्णवेळ करार मिळाले. तोवर कर्णधार रेचल माल्कम नॉटिंगहॅमला विद्यापीठात शिकवत खेळत होती. कॉन्कल मात्र तेव्हा लंडनच्या अग्निशमन दलात नोकरीला होती. स्कॉटलंडची पहिली पगारी रग्बीपटू, आणि तिने दुसरा पगार शोधला. सांगलीतल्या माझ्या मैत्रिणींना हे सांगितलं तेव्हा एकीलाही नवल वाटलं नाही. ‘पक्की नोकरी ना?’ एवढंच विचारलं.

2025 च्या विश्वचषकात संघाने वेल्सला 38-8 असं हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. तिथे ब्रिस्टलला इंग्लंडने 40-8 असं बाहेर काढलं. स्पर्धेच्या तोंडावर वर्तमानपत्रांत बातमी वेगळीच होती: स्पर्धा संपल्यावर कोणाचा करार पुढे चालू राहणार आणि कोणाचा नाही.