रॉक अँड रोलचा आरंभ : निकष आणि श्रेय

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या मध्यास अमेरिकेत उदयास आलेल्या रॉक अँड रोल संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका कोणती, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. जिम डॉसन व स्टीव्ह प्रोप्स यांनी १९९२ मध्ये केवळ याच प्रश्नावर ग्रंथ लिहून ५० ध्वनिमुद्रिकांचा परामर्श घेतला. प्रस्तुत लेखात उत्तरापेक्षा निकषांची चिकित्सा केली आहे. कारण निकष बदलला की श्रेयाचा धनीही बदलतो.

निकष व दावेदार :
बाजारपेठेतील यश हा निकष मानल्यास बिल हेली यांचे 'रॉक अराउंड द क्लॉक' अग्रभागी येते. १९५४ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले हे गीत 'ब्लॅकबोर्ड जंगल' या चित्रपटामुळे १९५५ मध्ये 'बिलबोर्ड'च्या यादीत प्रथम स्थानी पोहोचले. जुलै १९५४ मध्ये मेम्फिस येथे एल्व्हिस प्रेस्ली यांनी गायिलेल्या 'दॅट्स ऑल राइट'चाही दावा केला जातो. हे दोन्ही गायक गौरवर्णीय होत. मात्र प्रेस्ली यांचे हे गीत मूळचे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचे असून ते १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित झाले होते.

नादवैशिष्ट्य हा निकष घेतल्यास काळ आणखी मागे जातो. १९५१ मधील 'रॉकेट ८८' जॅकी ब्रेन्स्टन यांच्या नावे प्रसिद्ध झाले, तरी वाद्यवृंद आइक टर्नर यांचा होता. नादुरुस्त ध्वनिवर्धकामुळे गिटारला लाभलेला घरघरता स्वर हे त्याचे वैशिष्ट्य ठरले. हेली यांनी त्याच वर्षी हे गीत पुन्हा गायिले, ही बाब लक्षणीय आहे. त्यापूर्वी १९४९ मध्ये फॅट्स डॉमिनो यांचे 'द फॅट मॅन', तर १९४४ मध्ये सिस्टर रोझेटा थार्प यांचे विद्युत गिटारच्या साथीचे भक्तिगीत ध्वनिमुद्रित झाले होते.

नामकरणाचा प्रश्न :
कृष्णवर्णीयांच्या ध्वनिमुद्रिकांना 'बिलबोर्ड' १९४९ पर्यंत 'रेस रेकॉर्ड्स' म्हणत असे. पुढे 'रिदम अँड ब्लूज' ही संज्ञा आली. क्लीव्हलँडचे निवेदक अॅलन फ्रीड यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी याच संगीताला 'रॉक अँड रोल' म्हणून गौरवर्णीय तरुणांपर्यंत नेले. वस्तुतः हे शब्द ट्रिक्सी स्मिथ यांच्या १९२२ मधील गीताच्या शीर्षकातही आढळतात.

निष्कर्ष :
ब्लूज, बूगी-वूगी, गॉस्पेल व कंट्री या प्रवाहांच्या संगमातून हे संगीत घडले. त्याला एकच जन्मदिवस नाही. तथापि 'ही एक प्रक्रिया होती' एवढे म्हणून थांबल्यास मूळ निर्माते अनामिक राहतात. क्रुडप १९७४ मध्ये निधन पावले, तेव्हाही त्यांना मानधनाचा न्याय्य वाटा मिळालेला नव्हता. म्हणून पहिला कोण, यापेक्षा कोणी कोणाकडून काय घेतले, याची नोंद करणे हे इतिहासकाराचे अधिक महत्त्वाचे कर्तव्य ठरते.